संथ नजरेची वंशावळ

माणसाची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे वळते तेव्हा ती मधले अंतर झेप घेऊन ओलांडते. आणि ही झेप सेकंदाच्या इतक्या अल्प अंशात पुरी होते की ती घेणाऱ्याला तिची जाणीव नसते आणि समोरून पाहणाऱ्यालाही ती क्वचितच दिसते. या झेपेची परीक्षा घ्यावयाची तर कोणतेही यंत्र लागत नाही. रोग्यासमोर खुर्ची घेऊन बसलेला वैद्य आपल्या दोन्ही तर्जनी त्याच्या डोळ्यांच्या पातळीत हातभर अंतरावर उभ्या धरतो, डोके न हलविता आता या बोटाकडे, आता त्या बोटाकडे पाहा असे सांगतो, आणि स्वतः फक्त त्याची बुबुळे निरखीत राहतो. निरोगी माणसाची बुबुळे पलीकडच्या कडेला पोचलेलीच दिसतात. परंतु काही रोग्यांची बुबुळे, घट्ट काकवीतून बोट ओढावे तशी, एका कडेहून निघून, मधला प्रत्येक टप्पा दाखवीत, सावकाश दुसऱ्या कडेला जातात. मधूनच रोगी पापणी मिटतो, किंवा दिलेली सूचना विसरून मानच वळवितो, कारण डोळ्यांना जे साधत नाही ते मानेने साधून घेण्याची सवय त्याला नकळत लागलेली असते. या संथ नजरेकडे मुंबईच्या एका रुग्णालयात कोणी बारकाईने पाहिले, तिचा धागा पुढे क्यूबा बेटाच्या पूर्वेकडील उसाच्या मुलुखापर्यंत कसा जाऊन पोचला, आणि ज्या कुटुंबांनी आपले रक्त व आपल्या घराण्याची हकीकत शास्त्राच्या स्वाधीन केली त्यांच्या पदरी शेवटी काय पडले, हा या लेखाचा विषय आहे.

1971 साली लंडनहून निघणाऱ्या 'ब्रेन' या जुन्या व प्रतिष्ठित नियतकालिकात डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांचा एक निबंध छापून आला. त्यात नऊ कुटुंबांची हकीकत होती. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक रोग चालत आला होता: ऐन तारुण्यात किंवा मध्यम वयात चालताना तोल जाऊ लागे, पुढे वाचा जड व तुटक होई, हात थरथरू लागत, अक्षर बिघडे, आणि काही वर्षांत रोगी अंथरुणाला खिळे. लहान मेंदूच्या ऱ्हासाने होणारे असे रोग वैद्यकाला अपरिचित नव्हते. पण या नऊ कुटुंबांतील रोग्यांमध्ये वाडिया व स्वामी यांना असे एक लक्षण आढळले की जे त्या जातीच्या इतर रोगांपासून त्यांना वेगळे काढीत होते. ते लक्षण म्हणजे ही संथ नजर. आपण पाहत आहोत तो आनुवंशिक ऱ्हासाचा एक नवा प्रकार आहे, असे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच स्पष्टपणे नोंदविले. त्या काळी ना जनुकाची परीक्षा होती, ना मेंदूची आतील आकृती दाखविणारी आजची यंत्रे. जे होते ते डोळस निरीक्षण, आणि रोग्याच्या नातलगांना एकेक करून गाठण्याची चिकाटी.

वाडिया यांचा जन्म 1925 चा, सुरतेचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमध्ये मज्जासंस्थेच्या विकारांचे शिक्षण घेऊन ते परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी या शाखेचा पाया घातला. जमशेटजी जीजीभाई यांनी देऊ केलेल्या लाख रुपयांच्या देणगीचा ज्याच्या स्थापनेत मोठा वाटा होता, आणि 1845 पासून ज्याचे दरवाजे गोरगरिबांना खुले राहिले, त्या भायखळ्याच्या रुग्णालयात येणारा रोगी हा केवळ मुंबईचा नसे. कोकणातला, देशावरचा, गुजरातेतला, उत्तरेकडून गिरणीच्या कामासाठी आलेला, अशा सर्व मुलुखांतला तो असे, आणि म्हणूनच एखाद्या निरीक्षकापाशी पाहण्याची दृष्टी असेल तर त्या एका वॉर्डात त्याला अर्ध्या हिंदुस्थानचे रोग पाहावयास मिळत. वाडियांपाशी ती दृष्टी होती याचे दुसरे दाखलेही आहेत. 1971 साली मुंबईत डोळे येण्याची जी मोठी साथ आली, तिच्या मागोमाग काही रोग्यांना पोलिओसारखा पक्षाघात होतो हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. आणि पुढे, ज्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाची गणना भारतात विरळ रोगांत होत असे, तो पारशी समाजात लक्षणीय प्रमाणात आढळतो, हे त्यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीने दाखविले. लहान समाजाकडे, विरळ रोगाकडे आणि पाठ्यपुस्तकाने दुर्लक्षिलेल्या लक्षणाकडे वळून पाहणे हा त्यांच्या वैद्यकीचा स्थायीभाव होता, असे मला या तिन्ही उदाहरणांवरून वाटते.

या निरीक्षणाचे मोल कळण्यासाठी त्या वेळच्या युरोपीय शास्त्राची स्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. 1863 पासून हायडेलबर्गच्या फ्रीडराइख यांनी, 1893 साली पॅरिसच्या पिएर मारी यांनी, आणि 1900 मध्ये देजेरीन व तोमा यांनी तोल घालविणाऱ्या रोगांचे एकेक प्रकार वर्णन केले, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षे या प्रकारांना नावे देण्याचा व नावे बदलण्याचा उद्योग अखंड चालू राहिला. मृत्यूनंतर मेंदूचा छेद घेऊन कोणता भाग झिजला हे पाहावे आणि त्यावरून रोगाला नाव द्यावे, अशी ही पद्धत होती. पण एकाच कुटुंबातील दोन भावांचे मेंदू दोन तऱ्हांनी झिजलेले सापडत आणि दोन वेगळ्या कुटुंबांतले एकसारखे, त्यामुळे वर्गीकरण जितके वाढे तितका गोंधळ वाढे. लंडनच्या अनिता हार्डिंग यांनी 1982 च्या सुमारास लक्षणांवर आधारलेली सुटसुटीत मांडणी केली तेव्हा कोठे या रानातून पायवाट निघाली. वाडिया आणि स्वामी यांनी तिच्या दशकभर आधी जिवंत रोग्याच्या डोळ्यांतील एका खुणेवरून रोगाचा एक स्वतंत्र गट वेगळा काढला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तथापि पुढील वीस वर्षे जगातील पाठ्यपुस्तकांत या गटाला स्वतंत्र गादी मिळाली नाही. एक पोटभेद म्हणून त्याची नोंद होत राहिली इतकेच. त्याच मुंबईत 1952 साली भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला रक्तगट जगभर 'बॉम्बे' या नावाने ओळखला जातो. या रोगाच्या वाट्याला मात्र पुढे केवळ एक क्रमांक यावयाचा होता.

अशा अभ्यासाचा सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे वंशवृक्ष. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, रोग्याचा आकार काळा, मृताच्या आकारावर तिरकी रेघ, इतकी सोपी ही चित्रलिपी. पण तिच्यातील एकेक वर्तुळ भरून काढताना वैद्याची कसोटी लागते. आजोबांना काय होते असे विचारले तर उत्तर येते, "म्हातारपणी पाय लटपटत." कोणत्या वयात, असे विचारले तर ते म्हातारपण चाळिशीचे निघते. चुलत्याविषयी विचारावे तर घरातील वडीलधारा मान खाली घालून सांगतो की तो व्यसनी होता, पिऊन झोकांड्या खात असे. आणि बरेचदा त्या बिचाऱ्याने आयुष्यात थेंबालाही स्पर्श केलेला नसतो, त्याची चाल तेवढी दारुड्यासारखी झालेली असते. जगात जेथे जेथे हे रोग आहेत तेथे तेथे रोग्यांना हा आळ सोसावा लागलेला आहे, आणि नोकरीवरून कमी होण्यापासून चौकीवर अडवून धरले जाण्यापर्यंत त्याची शिक्षा भोगावी लागलेली आहे. त्याशिवाय घरात उपवर मुले असली म्हणजे हकीकतच सांगितली जात नाही. सोयरीक मोडेल या भयाने कितीएक घराण्यांनी आपल्या रोग्यांना माजघरात ठेवले, आणि वैद्यालाही त्यांचा पत्ता लागू दिला नाही.

महाराष्ट्राला वंशावळ ही काही नवी गोष्ट नाही. देशमुखी किंवा पाटीलकीचे वतन कोणाचे हा वाद गोतसभेपुढे रुजू झाला म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या पिढ्यांची नामावळी मांडीत, साक्षी होत, महजर लिहिला जाई, आणि निवाडा होऊन तो दप्तरी पडे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कितीतरी पिढ्यांची नावे आजही सापडतात. आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दारोदार हिंडून जमविलेल्या कागदांतला केवढा तरी भाग अशा वंशावळींचाच आहे. पण हे सारे दप्तर वैद्याच्या हाती दिले तरी त्याला ते अपुरे पडेल, कारण वतन लेकाकडे जाते आणि वतनाच्या वंशावळीत लेकीला जागा नसते. रोग असा भेद करीत नाही. ज्या रोगाविषयी आपण बोलत आहोत तो प्रभावी जनुकाचा रोग आहे: आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असला की प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा. म्हणजे पाच पिढ्यांपूर्वी दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीबरोबर तो तिच्या सासरी गेला, तेथून तिच्या लेकींबरोबर तिसऱ्या गावी गेला, आणि मूळ घराण्याच्या कागदांत त्याची खूण उरली नाही. रोगाची वंशावळ लिहावयाची तर ती आत्या, मावश्या आणि पणज्या यांच्याकडून लिहून घ्यावी लागते, आणि त्यांची सासरची नावे, माहेरची नावे व गावे जुळविता जुळविता वैद्याला इतिहाससंशोधकाचे काम पत्करावे लागते. आमच्या लोकांत अशा रोगांचा अभ्यास मागे का पडला याची जी कारणे आहेत, त्यांत यंत्रांच्या अभावाइतकेच महत्त्व मी या गाळलेल्या नावांना देतो.

आता क्यूबाकडे वळू. त्या बेटाच्या पूर्व भागात होल्गीन हा प्रांत आहे. 1492 च्या ऑक्टोबरात कोलंबसाचे जहाज ज्या बारियाय उपसागरात शिरले तो याच प्रांतात मोडतो. पुढे हा सारा टापू उसाचा आणि साखर कारखान्यांचा झाला. या मुलुखात तोल जाण्याचा एक आनुवंशिक रोग इतका पसरलेला आहे की जगात इतरत्र जो लाखात एखाददुसऱ्याला असेल तो तेथे प्रांतभराची सरासरी घेतली तर लाखात सुमारे 40 जणांना आढळतो, आणि बाग्वानोस नावाच्या तालुक्यात ते प्रमाण लाखाला 140 च्या घरात जाते. कोणे एके काळी स्पेनमधून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या पूर्वजाबरोबर हा दोष आला असावा, असा तर्क पुष्कळांनी केलेला आहे. क्यूबन वैद्य गियेर्मो ओरोस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली एकट्या होल्गीनमधील 263 रोग्यांची तपशीलवार हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्या हकीकतीत मुंबईकरांना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट ठळकपणे होती: या रोग्यांची नजर संथ होती.

येथून पुढे घटना भराभर घडल्या. होल्गीनच्या कुटुंबांचे रक्त तपासून 1993 साली हा दोष बाराव्या गुणसूत्रावर आहे असे निश्चित झाले. 1996 साली लॉस एंजेलिस, स्ट्रासबुर्ग आणि जपान येथील तीन गटांनी एकाच सुमारास ते जनुक हस्तगत केले, आणि रोगाला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2 हे आज रूढ असलेले नाव पक्के झाले. दोषाचे स्वरूप असे आहे की डीएनएच्या लिपीत सी, ए, जी ही तीन अक्षरे ज्या एका ठिकाणी सामान्यतः बावीस वेळा लागोपाठ येतात, तेथे रोग्यात ती तेहतीस-चौतीसहून अधिक वेळा आलेली असतात. त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला एक नको इतके लांब शेपूट फुटते, आणि लहान मेंदूतील व मस्तिष्कस्तंभातील पेशी हळूहळू मरू लागतात. डोळ्यांच्या झेपेला चालना देणाऱ्या पेशी या मस्तिष्कस्तंभातच असतात. म्हणून नजर मंदावते. पुनरावृत्ती जितकी लांब तितका रोग लवकर, आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना, विशेषतः बापाकडून जाताना, ती अधिकच लांबण्याकडे कल असतो. आजोबाला पन्नाशीत आलेला रोग बापाला पस्तिशीत आणि नातवाला विशीच्या आतच येतो, या पिढीजात अनुभवाला घरोघरी शाप असे नाव होते. त्याचे कारण शेवटी तीन अक्षरांच्या मोजणीत सापडले.

1998 साली पुन्हा 'ब्रेन' मध्येच वाडियांचा आणखी एक निबंध आला. त्यात सहा भारतीय कुटुंबांच्या जनुकांची परीक्षा देऊन, संथ नजर हे या दुसऱ्या प्रकाराच्या निदानातील किती महत्त्वाचे लक्षण आहे हे त्यांनी मांडले. सत्तावीस वर्षांपूर्वी उघड्या डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष प्रयोगशाळेने अशा रीतीने उचलून धरला. आणि मग होल्गीनमध्ये त्याच लक्षणाचे माप घेण्यात आले. लुइस वेलास्केस पेरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌-यंत्राने नजरेच्या झेपेचा वेग मोजला, आणि 2004 साली दाखवून दिले की तीन अक्षरांची पुनरावृत्ती जितकी अधिक तितका हा वेग कमी; पुढे असेही दिसले की ज्यांच्यात दोष आहे पण रोगाने अजून डोके वर काढलेले नाही त्यांचीही नजर थोडी मंदावलेली असते, म्हणजे पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी डोळे बोलू लागतात. भायखळ्याच्या वॉर्डात दोन बोटांनी सुरू झालेली परीक्षा एका दूरच्या बेटावर आकड्यांत उतरली. या दोन स्थळांना जोडणारा हा दुवा आमच्या वैद्यकाच्या इतिहासात जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

परंतु होल्गीनची खरी थोरवी मोजमापात नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर क्यूबाच्या लोकांनी अन्नान्न दशेची वर्षे काढली. आणि त्या दशकाच्या शेवटी, 2000 साली, त्या देशाने या एका रोगासाठी आणि त्याच्या जातभाईंसाठी होल्गीन शहरात संशोधन व पुनर्वसनाचे स्वतंत्र केंद्र उघडले. त्या केंद्रात रोगी येऊन राहतात, आठवडेच्या आठवडे तोल सांभाळण्याचे, बोलण्याचे, हातांच्या हालचालींचे व्यायाम त्यांच्याकडून करून घेतले जातात, आणि या व्यायामांनी तोलात काही सुधारणा होते हे रीतसर चाचणीने पाहिले गेले आहे. रोग्यांच्या शरीरात जस्ताचे प्रमाण कमी आढळले म्हणून जस्त देऊन पाहण्याचा प्रयोगही तेथे झाला. ज्या निरोगी नातलगांना आपल्यात दोष आहे की नाही हे जाणून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी 2001 पासून परीक्षेची सोय आहे, आणि ती करण्याआधी व केल्यानंतर मानसतज्ज्ञाची सोबत आहे. रोगाची गती थांबवील असे सिद्ध औषध आजही कोठेच नाही. पण ज्यांचे रक्त घेतले त्यांच्याच दाराशी संस्था उभी राहिली, ही गोष्ट अशा संशोधनाच्या इतिहासात अपवादानेच घडलेली आहे.

हा अपवाद किती मोठा आहे हे व्हेनेझुएलाच्या माराकायबो सरोवराकाठची हकीकत वाचली म्हणजे समजते. तेथील कोळ्यांच्या वस्त्यांत हंटिंग्टनचा रोग, ज्यात हातपाय अनावर नाचू लागतात आणि बुद्धी व स्वभाव ढासळत जातो, पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला होता. 1950 च्या दशकात अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरांनी तो ओळखला. या लोकांना रस्त्यावरचे लोक दारुडे समजत होते, आणि प्रथम त्यांचाही तसाच ग्रह झाला होता असे सांगतात. पुढे नॅन्सी वेक्सलर, ज्यांच्या स्वतःच्या आईला हा रोग होता, त्या 1979 पासून अमेरिकन वैद्यांना घेऊन वर्षानुवर्षे तेथे जात राहिल्या. दहा पिढ्यांचा, अठरा हजारांहून अधिक माणसांचा वंशवृक्ष तयार झाला, हजारो लोकांनी रक्त दिले, 1983 मध्ये दोषाचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि 1993 मध्ये जनुक सापडले. मानवी जनुकशास्त्रातील हा एक मानाचा टप्पा आहे, आणि वेक्सलरबाईंच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेऊ नये. तरीही ज्या रक्ताने हा टप्पा गाठून दिला ते देणारे लोक होते तसेच दरिद्री राहिले. त्यांच्यासाठी 1999 साली एक शुश्रूषागृह निघाले, तेही त्या देशाच्या आर्थिक अरिष्टात टिकले नाही. आणि त्या जनुकाच्या शोधावर आधारलेल्या औषधांच्या चाचण्या भरल्या त्या युरोप-अमेरिकेतील शहरांत. या व्यवहारात देणे एका बाजूचे फार झाले आणि घेणे दुसऱ्या बाजूचे.

भारताच्या वाट्याला या क्षेत्रातले जे आले ते या दोन टोकांच्या मधले आहे. 2000 साली दिल्लीच्या संशोधकांनी दाखविले की आमच्याकडील तोल घालविणाऱ्या प्रभावी रोगांत हा दुसरा प्रकार विशेष आढळतो आणि त्याच्या मागे एखादा समान पूर्वज असण्याचा संभव आहे. त्याहून लक्षणीय हकीकत बाराव्या प्रकाराची. 1999 साली जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात त्याचा शोध लागला तेव्हा जगात तो त्या एका कुटुंबापुरताच असेल असे वाटले. दोन वर्षांत तो भारतात सापडला, आणि पुढील अभ्यासात असे आढळले की उत्तर भारतातील अगरवाल समाजात तो विशेष आहे व त्याचे मूळ एका समान पूर्वजाकडे जाते. तो बहुधा चाळिशीनंतर हाताच्या कंपाने सुरू होतो. चहाची बशी खळखळते, सही जुळत नाही म्हणून बँक धनादेश परत करते, आणि घरचे लोक वय झाले असे म्हणून सोडून देतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अचल श्रीवास्तव आणि त्या वेळी दिल्लीच्याच जनुकशास्त्र संस्थेत असलेल्या मिताली मुखर्जी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. एखाद्या जातीचे नाव असे रोगाशी जोडले जाते तेव्हा ते त्या जातीवरील लांछन नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. जी जात आपल्यातच सोयरीक करते तिच्यात एखाद्या पूर्वजाचा दोष साचून राहतो, मग ती जात कोणतीही असो; आणि इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना करून 1968 साली जो निबंध लिहिला, त्याने समाजात समान दर्जाचे मानले जाणारे गटही शरीराच्या मोजणीत एकमेकांपासून वेगळे निघतात हे दाखविले. त्या अभ्यासाला वैद्यकाची जोड मिळून गटागटांतील मेंदूच्या रोगांची पाहणी झाली असती तर आज आपण बरेच पुढे असतो.

अशा उपेक्षित समूहांचे रोग पाहण्यात जगाचाच लाभ आहे, हे आता युक्तिवादाने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. 2010 मध्ये असे आढळले की दुसऱ्या प्रकाराच्या त्याच जनुकात पुनरावृत्ती मध्यम लांबीची असली तर एएलएस या, स्नायूंना निकामी करणाऱ्या व सर्व देशांत आढळणाऱ्या, भयंकर रोगाचा धोका वाढतो. मग त्या जनुकाचे काम मंद करणारे औषध उंदरांवर करून पाहिले गेले आणि ते गुणकारी ठरले. माणसांवरील एका चाचणीत एएलएसच्या रोग्यांना त्याचा लाभ झाला नाही, पण वाट बंद झालेली नाही. पार्किन्सनच्या रोगात उत्तर आफ्रिकेतील बर्बर व अरब लोकांमध्ये एका जनुकाचा मोठा वाटा 2006 साली दिसून आला, आणि 2023 मध्ये नायजेरियातील व इतर आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत दुसऱ्या एका जनुकाचा असा दोष सापडला की जो युरोपीय लोकांच्या प्रचंड पाहण्यांत कोणाच्या दृष्टीस पडलाच नव्हता. तो तेथे बहुतेक नव्हताच. जेथे होता तेथे कोणी विचारले नव्हते.

तेव्हा आपल्या प्रांतापुरते दोन गोष्टींचे मागणे आहे. पहिले वैद्यकीय महाविद्यालयांकडे: मज्जासंस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अशा कुटुंबांचे कागद रोग्याबरोबर घरी जाऊन हरवू न देता त्यांचे दप्तर ठेवावे, त्यांच्याशी मराठीत सावकाश बोलणारा सल्लागार नेमावा, आणि रक्त घेतले असेल तर त्याचे काय झाले हे त्यांना कळवावे. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा सर्वांआधी 1988 साली ज्या महाराष्ट्राने केला, त्या महाराष्ट्राला जनुकपरीक्षेतील गुप्ततेचे व संमतीचे नियम काटेकोरपणे पाळणे अवघड जाऊ नये. विशेषतः अजाण मुलांची परीक्षा आईबापांच्या उत्सुकतेखातर होऊ नये, ती मुले सज्ञान झाल्यावर त्यांच्याच इच्छेने व्हावी.

दुसरे मागणे वाचकाकडे आहे. आपल्या घराण्यात दोन पिढ्यांत कोणाचा तोल गेला असेल, हात कापत असेल, वाचा अडखळत असेल, तर ते दैवावर किंवा व्यसनावर न घालता एका वहीत लिहून ठेवावे: नाव, जन्माचे साल, लक्षण कोणत्या वयात सुरू झाले, कोणत्या गावी राहत होते, मृत्यू केव्हा झाला. ज्यांना काही झाले नाही त्यांचीही नावे लिहावी, कारण वैद्याला तीही हवी असतात. घरातील सर्वांत वृद्ध बाईला आधी विचारावे, कारण तिच्या पश्चात ही माहिती दुसऱ्या कोणापाशी मिळत नाही. ती वही घेऊन जवळच्या महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, आणि तीत लेकींची नावे गाळू नयेत.